थंड गाव

करजखेडे, ता. शहादा
२ एप्रिल २०२४

चि. योगेंद्र,

आशीर्वाद देते, पण आज हात राखून देते. दिवाळीनंतर तुझं एकच पत्र आलं, तेही चार ओळींचं. फोनवर मला ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे. तू चौथीत असताना माझ्या हातात पाटी दिलीस, 'फुई, अ काढ' म्हणून मागे लागलास, आता भोग. फुई म्हणजे बापाची बहीण, तुमच्या पुण्यात आत्या म्हणतात. विसरला असशील म्हणून सांगते. पत्रात शाळेची भाषा लिहावी हेही तूच शिकवलंस. जमेल तेवढी लिहीन, पण राग आला की ती सुटते, आणि आज मी रागातच बसले आहे.

तुझ्या प्रकल्पाचं यंत्र माझ्या खळ्यात उभं आहे. बसवलं तेव्हा तू लिहिलं होतंस, ऊन फार झालं की यंत्र पुण्याला कळवील, पुण्याहून हुकूम सुटेल आणि गावातली उन्हातली कामं अकराला बंद होतील. बाया-माणसांना सावली मिळेल, मीठ-साखरेचं पाणी मिळेल. मी ते पत्र मारुतीच्या पारावर वाचून दाखवलं होतं. मोठ्या तोऱ्यात.

आता ऐक. रोजगार हमीचं नाला खोल करायचं काम चाललंय. नाला एकच. अलीकडचा काठ करजखेड्याचा, पलीकडचा मोयखेड्याचा. मोयखेड्याच्या बाया काल अकराला टोपल्या उपड्या करून लिंबाखाली बसल्या. आमच्या बाया दोन वाजेपर्यंत माती वाहत होत्या. का? तर मोयखेड्याचं यंत्र म्हणतं ऊन झालं, आपलं यंत्र म्हणतं नाही झालं. रोजगार सेवकाला विचारलं, तर त्यानं मोबाइल नाकासमोर धरला. म्हणे, "भिकुबाई, आपलं गाव थंड शे."

दिवलीबाई माझ्याकडे पाणी भरायला येते, तिनं मला विचारलं, "बाई, नालाना त्या काठवर दुसरा सूर्य शे का?" दिवलीबाई म्हणजे वसाहतीतल्या रायसिंगची बायको. माहेर मणिबेलीचं, धरणाच्या पाण्याखाली गेलं, म्हणून सरकारनं इकडे आणून बसवलेली. तिला काय उत्तर देऊ? गावात सगळे मलाच विचारतात, कारण यंत्र भाच्याचं.

यंत्रात खोट असेल तर ती तुमच्या बाजूची. माझ्या बाजूनं कसूर नाही. सडा, सारवण, राखण, सगळं मी स्वतः करते. शेळी फिरकू देत नाही. तेव्हा मला दोष द्यायच्या आधी पुण्यातल्या शहाण्यांना विचार आणि लगेच लिही.

तुझी फुई,
भिकुबाई


पुणे
१० एप्रिल २०२४

ती. फुई,

काल पाडवा होता. श्रीखंड आणलं, पण तुझ्या हातच्या पुरणाची सर त्याला नाही. रागावू नकोस, नीट समजावून सांगतो.

नियम असा आहे की गावाचं तापमान सलग दोन दिवस बेचाळीसच्या वर गेलं की कामं अकराला थांबवायची. करजखेड्याचं तापमान या मोसमात एकदाही चाळीसला पोचलेलं नाही. मागची दोन वर्षंही हेच दिसतं. फुई, तुला सांगू का, तालुक्यातल्या सगळ्या यंत्रांत आपलं यंत्र पहिलं आहे. एक दिवस बंद नाही, एक नोंद चुकलेली नाही. आमचे साहेब म्हणतात, राखणदार असावी तर अशी.

आणखी एक आनंदाची गोष्ट. फेब्रुवारीत मी एक अहवाल मांडला. त्यात आपल्या गावाला 'थंड गाव' असं नाव दिलं. तापीचं पाणी, केळीचे मळे, बांधावरचे लिंब यांमुळे गावानं हवामानबदलाशी कसं जमवून घेतलं, ते लिहिलं. सभागृहात टाळ्या पडल्या. आता इतर गावांना करजखेड्याचा धडा द्यायचं चाललं आहे.

मोयखेडं माळावर आहे, तिथे झाडी कमी, म्हणून फरक पडत असेल. आणि खरं सांगायचं तर, ऊन जाणवणं वेगळं आणि मोजणं वेगळं. वय झालं की जास्त जाणवतं. दिवलीबाईंना सांग, डोक्याला ओलं फडकं बांधून काम करा.

दुपारी तू बाहेर पडू नकोस.

तुझा,
योगेंद्र


करजखेडे
१९ एप्रिल २०२४

योगेंद्र,

तुझं पत्र वाचलं आणि तीन वेळा परत वाचलं. म्हटलं, आपला पोरगा इतका मूर्ख नाही, मीच अक्षर चुकत असेन. नाही चुकले.

जाणवणं वेगळं आणि मोजणं वेगळं! माय वं! आठे माणसं भाजाई ऱ्हायनात आणि हा म्हणतो जाणवस! अरे, माझ्या अंगणातली कोंबडी चोच वासून मेली, तिचंही वय झालं होतं का? दुपारी हापशीच्या दांड्याला हात लावता येत नाही. बांधावरचे लिंब म्हणतोस, कोणते लिंब? तू सुरपारंब्या खेळायचास तो आणि त्याच्या पुढचे चार रस्त्यात गेले. केळीला पाणी मिळत नाही म्हणून तिघांनी मळे मोडले. तू दिवाळीला येतोस, हिरवं शिवार बघतोस, फराळाचा डबा घेतोस आणि जातोस. त्यावरून अहवाल लिहितोस. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी गावात आण.

दिवलीबाईला सोमवारी नाल्यात चक्कर आली. मी सेवकाला जाऊन बोलले. त्याचं एकच तुणतुणं, यंत्रात अडतीस पॉइंट सात. तो तरी काय करील, त्याला मोबाइलवर दिसतं ते तो वाचतो. दिवलीबाई मला म्हणाली, "बाई, तुन्हं यंत्र खोटं बोलस." मला फार लागलं ते.

कारण योगू, ते खोटं कसं बोलेल? मी त्याला देवासारखं सांभाळते. बसवायला आलेला माणूस जाताना सांगून गेला होता, "मावशी, याला जपा, नाजूक आहे, तुमच्या भाच्याची नोकरी यावर आहे." एवढंच सांगितलं, दुसरं काही नाही. तो खांब, त्यावर त्या पांढऱ्या बशा एकावर एक उपड्या घातलेल्या, त्यांच्या पोटात त्याचा जीव, असं त्यानं बोटानं दाखवलं. त्या बशा उन्हात तापलेल्या मला बघवेनात. म्हणून दर वर्षी धूळवडीच्या दिवशी मी त्याच्यावर मंडप घालते. चार बांबू, वर तुरीच्या काड्या, भोवती बारदान. बारदानावर सकाळ-दुपार पाणी मारते. आणि चैत्र-वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतो ना आपण, बुडाला भोक पाडलेलं मडकं, तसं मडकं मंडपाला टांगलंय, थेंब थेंब बशांवर पडत राहतो. वीज करणारा आरसा तेवढा उन्हात ठेवते, त्याला ऊन लागतं असं तो माणूस म्हणाला होता. मृग लागला की मंडप उतरवते, म्हणजे पाऊस मोजायला अडचण नको. आम्ही पाणी लांबून आणतो, पण त्याला कधी कमी पडू दिलं नाही. तिसरं वर्ष आहे हे.

पोटच्या पोराला केलं नसतं इतकं केलं. पोटचं नव्हतंच म्हणा, तूच होतास. तेव्हा यंत्राची नीट निगा नाही असं म्हणायला तोंड उघडू नकोस. दुसरं कारण शोध आणि बायांचं काम अकराला थांबव.

भिकुबाई


पुणे
२६ एप्रिल २०२४

ती. फुई,

हे पत्र मिळताक्षणी मंडप काढ. बारदान, मडकं, काड्या, सगळं. खांबाच्या आसपास पाण्याचा थेंब टाकू नकोस. सडाही नको.

याबद्दल कुणाशी काही बोलू नकोस आणि हे पत्र कुणाला दाखवू नकोस. कारण मागाहून लिहितो.

योगेंद्र


करजखेडे
२ मे २०२४

योगेंद्र,

तुझं पत्र रविवारी आलं. रविवारी टपाल कुठे, पण पोस्टमन ओळखीचा, लग्नाला जाता जाता देऊन गेला. मंडप त्याच दिवशी काढला. कुणाला बोलू नको म्हणालास, पण बांबूचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं. शाळेतल्या चेतनाबाईंना बोलावलं. त्यांनी मोबाइलवर यंत्राचा आकडा बघायला सुरुवात केली. सोमवारी त्रेचाळीस पॉइंट सहा. मंगळवारी चव्वेचाळीस पॉइंट एक. मंगळवारी संध्याकाळी सेवक पळत आला, उद्यापासून काम अकराला बंद, पुण्याचा हुकूम आला म्हणे. बायांनी टाळ्या वाजवल्या.

बैल गेला आणि झोपा केला, योगू. दिवलीबाई गेली. तुझं पत्र यायच्या पाच दिवस आधी, तेवीस तारखेला, हनुमान जयंतीच्या दिवशी.

बाराच्या पुढे ती टोपलं घेऊन चढ चढत होती. वर पोचली, टोपलं खाली ठेवलं, हो, टाकलं नाही, ठेवलं, आणि बसली ती कलंडलीच. बायांनी तिला पलीकडे मोयखेड्याच्या लिंबाखाली नेलं, कारण सावली तिकडे होती. मला बोलावलं तेव्हा मी हात लावला, अंग भाकरीच्या तव्यासारखं आणि घामाचा टिपूस नाही. काहीतरी पुटपुटत होती, आपल्या पावरी बोलीत, मला कळलं नाही. टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, वाटेतच संपलं सगळं.

सेवक त्या वेळी भंडाऱ्याच्या पंगतीत होता. जेवून आला आणि कागद केला. त्यात काय लिहिलं ते ऐक. 'त्या दिवशी तापमान ३८.९, उन्हाचा संबंध नाही. सदर महिलेने मद्यपान केले असावे.' असावे! न बघता, न विचारता, असावे! चाळीस वर्षं झाली त्या बाईच्या ओठाला थेंब लागला नव्हता, वसाहतीतल्या बाया तिला भगतीण म्हणून चिडवायच्या. रायसिंग माझ्या दारात येऊन उभा राहिला. रडला नाही. म्हणाला, "बाई, तिनी कधी दारू लिधी नही. तेवढं कागदवर लिखी द्या." त्याला दुसरं काही नको आहे.

आता मला सांग. मंडप होता तोवर अडतीस, काढला तर चव्वेचाळीस. मी काय एवढी अडाणी आहे की हे समजणार नाही? करायला गेले देवपूजा आणि घडलं हे. तुझ्या यंत्राला मी गार ठेवलं आणि बाई बाहेर उन्हात. तिच्या हातानं भरलेलं पाणी मी त्या बारदानावर मारलं, योगू. दोन घागरी रोज ती मला आणून द्यायची. हे मी कुणाला सांगू? जेवण जात नाही मला.

पण तुलाही विचारते. चेतनाबाईंचा नंबर तुझ्याकडे आहे, मागे तू त्यांच्याच फोनवर मला फोटो धाडला होतास. मंडप काढायचा तर एक फोन करायचा होता, दोन मिनिटांचं काम. तू पत्र का लिहिलंस? आणखी दोन दिवस बाया उन्हात राबल्या त्या पत्रापायी. आणि 'कुणाला बोलू नकोस' हे कुणासाठी? माझ्यासाठी की तुझ्यासाठी? काय दपाडी ऱ्हायना, काय लपवतोस तू?

रायसिंगला त्याचा कागद पाहिजे. बाई उन्हानं गेली एवढंच लिहायचं. ते कर, मग बाकीचं बोलू.

भिकुबाई


पुणे
८ मे २०२४

ती. फुई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस ऑफिसला गेलो नाही. तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुझं १९ तारखेचं पत्र मला पंचवीसला मिळालं, तेव्हा दिवलीबाई गेल्या होत्या. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. फोन करायला हवा होता, खरं आहे. मी घाबरलो.

आता पुढचं नीट वाच. एका दिवसात आकडा पाच अंशांनी उडाला, ते इथे सगळ्यांना दिसलं. मतदान झालं की चौकशीला एक साहेब येतील, सोळा तारखेला. त्यांच्याकडे एक जबाब असेल, त्यात लिहिलेलं असेल की 'यंत्राशी अनवधानाने छेडछाड झाली'. त्याखाली तू सही कर. शब्द कडक वाटतील, पण ती कार्यालयाची भाषा असते. तुझ्या वयाच्या बाईला कुणी काही करणार नाही, मी बोलून ठेवलं आहे. एकदा जबाब झाला की प्रकरण मिटेल.

असं समज की यात फक्त माझी नोकरी नाही. ही गोष्ट वर्तमानपत्रात गेली तर प्रकल्पच गुंडाळतील. मग मोयखेड्याच्या बायांनाही अकराला सावली मिळणार नाही. त्यांचा विचार कर.

दिवलीबाईंच्या कागदाचं अवघड आहे. त्या दिवशीची नोंद ३८.९ आहे आणि पूर्वीच्या नोंदी बदलता येत नाहीत. शिवाय आचारसंहिता आहे, तालुक्याला कुणी ऐकून घेत नाही. रायसिंगदादांना माझ्या वतीनं हात जोड.

परवा आखाजी, इथे अक्षय्य तृतीया म्हणतात. माझ्या आईबापांच्या नावानं घागरी भरशीलच. नेहमीप्रमाणे तूच भर, मला यायला जमणार नाही.

तुझा,
योगेंद्र


करजखेडे
१८ मे २०२४

योगेंद्र,

आखाजीला घागरी भरल्या. एक माझ्या भावाची, नवलची, एक तुझ्या आईची. वर खरबूज ठेवलं, आंबा ठेवला. मग तिसरी घागर भरली, दिवलीबाईची. शेजारणी कुजबुजल्या, ती आपल्या कुळातली नाही, तिची घागर तू कशी भरतेस. म्हटलं, ती माझं पाणी भरत होती, आता मी तिचं भरते, ज्याला खटकत असेल त्यानं माझ्या दारात येऊ नये. घागर खळ्यातच ठेवली, त्या खांबापासून चार हात लांब. आता मला अंतर कळतं.

तुझे साहेब परवा आले. सकाळी दहाला, काचा लावलेल्या गाडीतून. ऊन चढायच्या आत निघायचं म्हणाले. खांबाचे फोटो काढले, माझा फोटो काढला, मग टाइप केलेला कागद पुढे केला आणि शाईचा डबा उघडला. "आजी, इथे अंगठा." मी म्हटलं, डबा मिटा, मला लिहिता येतं, आणि त्याच्या आधी वाचता येतं. वाचलं. 'सदर महिलेने यंत्राशी छेडछाड केल्यामुळे तीन वर्षांच्या नोंदी चुकल्या. प्रकल्पाच्या बाजूने कोणतीही त्रुटी नाही.'

चोर सोडून संन्याशाला फाशी! मी विचारलं, साहेब, तीन उन्हाळे मंडप उघड्यावर उभा होता, तीन बाजूंनी दिसत होता, वाटेवरचे फकीर त्याच्या सावलीला बसायचे, मग तुमचं कोणी बघायला आलं नाही का? साहेबाला ते झोंबलं. म्हणाले, "असं कसं? दर वर्षी पाहणी होते." आणि फाइल उघडून माझ्यापुढे ठेवली, पुरावा म्हणून.

तीन पानं. 'प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. यंत्र मोकळ्या जागेत आहे. जवळ सावली नाही. जवळ पाणी नाही.' बारा मे दोन हजार बावीस. दहा मे तेवीस. तीस मार्च चोवीस. तिन्ही पानांखाली सही. मला ती सही ओळखायला चष्मा लागला नाही. पाचवीत असताना तू माझ्या पाटीवर ती घोटायचास, मोठा साहेब होणार म्हणून.

तीस मार्चला तू माझ्या खळ्यात येऊन गेलास, होय? तीन दिवसांनी मी तुला पत्र लिहायला बसले आणि मला पत्ताच नाही! भाकरीसुद्धा न खाता गेलास! मंडप तेव्हा पाच दिवसांचा होता, बारदान ओलं होतं, त्यातून आत-बाहेर करून 'सावली नाही' लिहिलंस! नालायका, तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. आपलंच गाव, आपलीच फुई, बघायचं काय, टाक सही. माझ्यावर भरवसा ठेवून तू आला नाहीस आणि तुझ्यावर भरवसा ठेवून मी विचारलं नाही. मधल्या मध्ये तिसरीच मेली. आणि वर मलाच लिहितोस, फुई, तू सही कर, बोलून ठेवलं आहे!

मी साहेबाला काही सांगितलं नाही. हा माझा भाचा, एवढंही नाही. त्यांचा कागद परत दिला आणि शाळेच्या वहीतलं पान घेऊन माझा जबाब माझ्या हातानं लिहिला. तुला नक्कल देते.

'मी भिकुबाई, राहणार करजखेडे. यंत्रावर मंडप मी घातला, पाणी मी मारलं. यंत्राला ऊन लागायला पाहिजे हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ही माझी चूक आहे, छेडछाड नाही. माझ्या चुकीमुळे यंत्रानं ऊन कमी दाखवलं. २३ एप्रिलला नाल्यापलीकडच्या मोयखेड्याच्या यंत्रात चव्वेचाळीस होतं, ते शाळेतल्या बाईंनी काढून दिलं, कागद जोडला आहे. त्या उन्हात दिवलीबाई रायसिंग बारानंतर माती वाहत होती. ती उन्हानं गेली. ती दारू पीत नव्हती. हे मी शपथेवर लिहिते.'

साहेब म्हणाले, हा आमच्या नमुन्यात बसत नाही. मी म्हटलं, बाईचा जीव बसला ना तुमच्या नमुन्यात, हाही बसवा. नेला त्यांनी. सावलीत उभे राहून घाम पुसत होते, त्यांना मी पाणी दिलं.

मोयखेड्याच्या बायांची मला भीती घालू नकोस. त्यांचं यंत्र उन्हात उभं आहे, खरं बोलतं, ते का बंद पडेल? आपलं खोटं झाकायला त्या गरिबांचा पदर ओढायचा नाही. आणि 'थंड गाव' म्हणून टाळ्या घेतल्यास ना सभागृहात, त्याच सभागृहात उभं राहून सांग की ते गाव थंड नव्हतं, तिथे एका म्हातारीनं मडकं टांगलं होतं आणि मी बघायला गेलो नव्हतो. दुसरी गावं त्या अहवालाचा धडा घेणार आहेत म्हणालास. किती दिवलीबाया मारायच्या आहेत अजून?

रायसिंगला मी माझी नक्कल वाचून दाखवली. त्यानं दारूची ओळ दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, "बाई, हाई सरकार मानी का?" मी म्हटलं, माझ्या एकटीच्या सहीनं नाही मानणार. ज्यानं पाहणी केली त्याची सही लागेल. तो पाहणी करणारा कोण, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं.

आचारसंहिता संपली की सात जूनला ग्रामसभा आहे, दुपारी चारला. मी उभी राहून जबाब वाचणार. पानाच्या खाली अर्धी जागा कोरी ठेवली आहे.

त्या दिवशी सकाळच्या बसनं येऊ नकोस. दुपारी बाराला शहाद्याहून सुटते तिनं ये. फाट्यावर उतरलास की घरी येऊ नकोस, नाल्यावर जा. डोक्याला ओलं फडकं बांध, तूच सांगितलं होतंस. रायसिंग तिथे असेल, तो तुला ती जागा दाखवील जिथे तिनं टोपलं ठेवलं. तिथे उभा राहा आणि त्याला सांग. मग घरी ये. भाकरी टाकून ठेवते.

तीन वर्षांच्या तीन पाहण्या राहिल्या आहेत तुझ्या. कागद पुष्कळ झाले, आता या पत्राला उत्तर लिहू नकोस. ये.

तुझी फुई,
भिकुबाई